फॉर्म बंद करताना "सेव्ह करायचं का?" : एका जुन्या डेस्कटॉप अ‍ॅपमधलं काम

जानेवारीच्या शेवटी माझ्या नावावर एक तिकीट, म्हणजे बगची तक्रार, पडलं. मजकूर एका ओळीचा : "फॉर्म बंद केल्यावर एंट्री जाते, कधीकधी." प्रायॉरिटी हाय, स्क्रीनशॉट नाही, कुठला फॉर्म ते नाही. नेहमी जात असती तर अर्ध्या दिवसात सापडलं असतं. काम संपून रिलीझ व्हायला एप्रिल उजाडला. आता तक्रारी थांबल्यात म्हणून निवांत लिहून काढतेय, कारण या विषयावर शोधायला गेलं की सगळीकडे तेच पाच ओळींचं उत्तर मिळतं, फॉर्मक्लोजिंग इव्हेंटमधे (फॉर्म बंद होऊ लागला की जो कोड चालतो तिथे) मेसेजबॉक्स टाका, युजर कॅन्सल म्हणाला तर ई.कॅन्सल ट्रू करा म्हणजे बंद होणं थांबतं, झालं. उत्तर बरोबरच आहे. पण माझा वेळ ज्यात गेला त्यातलं जवळपास काहीच त्या पाच ओळींत नाहीये.

अ‍ॅप सी शार्पमधलं, विनफॉर्म्सवर (विंडोजच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. मूळ कोड मात्र त्याहून खूप जुना, थर चढत गेलेला. मुख्य खिडकी एमडीआय, म्हणजे एका मोठ्या खिडकीत बाकीचे फॉर्म उघडतात ती पद्धत, आणि फॉर्म ढीगभर. लिहिणारे लोक कधीच सोडून गेलेत, डॉक्युमेंट नावाला. टीम लीड म्हणाले, "एक मेसेजबॉक्स तर टाकायचाय, दोन दिवस धरू का?" मी म्हटलं सर, आधी आठवडाभर वाचू द्या, मग सांगते. एस्टिमेट देण्याआधी वाचायला वेळ मागा, ही पहिली टीप. तो आठवडा मागितला नसता तर पुढचे दोन महिने मी रोज स्टँडअपच्या छोट्या मीटिंगमधे "आज होईल" म्हणत बसले असते.

वाचताना पहिली गोष्ट दिसली ती अशी की काही फॉर्ममधे क्लोजिंग नावाचा इव्हेंट वापरलाय, काहींत फॉर्मक्लोजिंग, आणि थोड्या फॉर्ममधे दोन्ही. फॉर्मक्लोजिंग आणि फॉर्मक्लोज्ड हे २००५ मधे डॉटनेट २.० बरोबर आले, त्याआधी क्लोजिंग आणि क्लोज्ड होते. जुने काढून टाकलेले नाहीत, आजही चालतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या फॉर्मला दोन्ही होते तिथे युजरला तोच प्रश्न दोनदा विचारला जायचा, ते फक्त वैताग आणणारं होतं. खरी मेख पुढे होती. क्रॉसवर क्लिक केलं की दोन्ही इव्हेंट येतात, पण फाइल मेनूतल्या एक्झिटमागे जर अ‍ॅप्लिकेशन.एक्झिट असेल तर जुना क्लोजिंग येतच नाही, फक्त फॉर्मक्लोजिंग येतो. आमच्या मेनूमागे तेच होतं. म्हणजे क्रॉसने बंद करणाऱ्याला प्रश्न विचारला जाणार, मेनूतून बाहेर पडणाऱ्याची एंट्री गुपचूप जाणार. तिकिटातल्या "कधीकधी"चा एक भाग इथेच निघाला. (डॉटनेट कोरमधल्या विनफॉर्म्सचा सोर्स डिसेंबर २०१८ पासून गिटहबवर खुला आहे. कुठला इव्हेंट कुठून येतो यावर वाद घालण्यापेक्षा फॉर्मच्या क्लासमधे जाऊन वाचा, दहा मिनिटांत निकाल लागतो.)

अजून एक जण या खेळात असतो, एन्व्हायर्नमेंट.एक्झिट. तो कोणालाच विचारत नाही, सरळ प्रोसेस संपवतो, फॉर्मक्लोजिंग वगैरे काही नाही. पूर्ण कोडमधे शोधला तर लॉगिन टाइमआउटच्या कोपऱ्यात एक सापडला. तो काढला. डिबग करताना व्हिज्युअल स्टुडिओचं लाल स्टॉप बटण दाबलं तरी प्रोसेस तशीच मारली जाते, त्यामुळे "माझा हँडलर चालतच नाहीये" (हँडलर म्हणजे इव्हेंटला जोडलेला आपला कोड) म्हणून डोकं धरून बसायच्या आधी फॉर्म त्याच्या क्रॉसने बंद करून बघा.

फेब्रुवारीत मी एक दिवस प्रत्यक्ष एंट्री करणाऱ्या ताईंशेजारी जाऊन बसले. परवानगीचा मेल, तिकडच्या मॅनेजरची हो, मग तारीख, यातच आठवडा गेला, पण या कामात सगळ्यात जास्त उपयोग त्या दिवसाचा झाला. ताई एक जुना रेकॉर्ड उघडायच्या, नुसता बघायच्या, कंट्रोल एफ४ दाबायच्या, "बदल सेव्ह करायचे का" ही खिडकी यायची आणि ती पूर्ण दिसायच्या आत त्यांचं बोट एन वर, म्हणजे नो वर, पडलेलं असायचं. मी विचारलं, "ताई, वाचलंत का काय विचारलं ते?" तर हसून म्हणाल्या, "अहो ती येतेच. काही केलं नसलं तरी येते. कुठे वाचत बसू?" दुपारी एका रेकॉर्डमधे त्यांनी खरंच पत्ता बदलला, मधे फोन आला, फोन ठेवला, कंट्रोल एफ४, एन. पत्ता गेला. त्यांना कळलंही नाही. मी सांगितल्यावर परत उघडून बघितलं तेव्हा म्हणाल्या, "बघा, असंच होतं, सिस्टिम खाते."

इथून माझं कामाचं चित्रच बदललं. प्रश्न न विचारणारा फॉर्म एकदा एंट्री घालवतो, पण विनाकारण प्रश्न विचारणारा फॉर्म माणसाला नाही म्हणायची सवय लावतो, आणि ती सवय मग जिथे प्रश्न खरा असतो तिथेही नडते. म्हणजे मेसेजबॉक्स हे शेवटचं आणि सोपं काम. अवघड काम म्हणजे काही बदललंय की नाही हे फॉर्मला खरंखरं कळणं.

आमच्याकडे ते कसं कळत होतं? प्रत्येक टेक्स्टबॉक्सच्या टेक्स्टचेंज्डमधे इजडर्टी (काही बदललंय असं सांगणारा फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण) बरोबर ट्रू. दिसायला ठीक, पण टेक्स्टचेंज्ड हा युजरने टाइप केल्यावरही येतो आणि कोडने डेटाबेसमधून व्हॅल्यू भरल्यावरही येतो. त्यामुळे फॉर्म उघडला की लोड होतानाच तो डर्टी व्हायचा. काही ठिकाणी कोणीतरी लोड संपल्यावर फ्लॅग परत फॉल्स केला होता, काही ठिकाणी विसरले, आणि जिथे एक कॉम्बो (यादीतून निवडायचा बॉक्स) निवडल्यावर दुसरा कॉम्बो उशिरा भरतो तिथे फॉल्स केल्यानंतर पुन्हा ट्रू होत होता. लोड चालू असताना "लोडिंग" फ्लॅग लावून इव्हेंटकडे दुर्लक्ष करायचं हा सोपा उपाय, लहान फॉर्मला पुरतो. नुसता टेक्स्टबॉक्स असेल तर त्याच्याकडे मॉडिफाइड नावाची प्रॉपर्टी असते, युजरने टाइप केलं तर ट्रू होते आणि कोडने टेक्स्ट भरला तर फॉल्स, ती फार कोणाला माहीत नसते. पण कॉम्बो, चेकबॉक्स, तारीख यांना ती नाही.

मी शेवटी तुलना करायचं ठरवलं. लोड झाल्यावर सगळ्या फील्डच्या व्हॅल्यूंची एक प्रत काढून ठेवायची आणि बंद करताना आत्ताच्या व्हॅल्यूंशी ताडून बघायची. फायदा असा की युजरने काही टाइप केलं आणि परत खोडून होतं तसं केलं तरी प्रश्न येत नाही, जे फ्लॅगने जमत नाही. आणि कुठलं फील्ड बदललं तेही हातात मिळतं, त्याचा उपयोग पुढे सांगते. तोटा म्हणजे तुलनेतली बारीक भांडणं. डेटाबेसमधे नल (काहीच नाही) आहे आणि टेक्स्टबॉक्समधे रिकामी स्ट्रिंग, हा बदल आहे का? नाही. डेटाबेसच्या फिक्स लांबीच्या कॉलममधून शेवटी स्पेस लागून येतात, फॉर्म त्या कापतो, हा बदल? नाही. १०० आणि १००.०० हे आकडा म्हणून एक, स्ट्रिंग म्हणून दोन. आणि सगळ्यात छळलं ते डेटटाइमपिकरने, म्हणजे तारीख निवडायच्या बॉक्सने. स्क्रीनवर नुसती तारीख दिसते पण आत तास, मिनिट, सेकंद असतात, रिकाम्या रेकॉर्डला तो आत्ताची वेळ धरतो आणि तुलना दर वेळी वेगळी येते. तिथे डॉट डेट लावून फक्त तारीख घेतली. हे नियम एका जागी, एका फंक्शनमधे ठेवा, फॉर्मागणिक लिहीत बसलात तर तिसऱ्या फॉर्मला एखादा विसरेल.

हे सगळं एका बेस फॉर्ममधे, म्हणजे पायाच्या सामाईक फॉर्ममधे, टाकलं आणि बाकीचे फॉर्म त्याच्यावरून घेतले. टीप : बेस फॉर्म अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट फॉर्म बनत नाही असा) करायचा मोह होतो, पण मग व्हिज्युअल स्टुडिओचा डिझायनर त्यावरून घेतलेले फॉर्म उघडायला नकार देतो. रिकाम्या व्हर्च्युअल मेथड (पुढचे फॉर्म बदलू शकतील अशा) ठेवा, भांडण मिटतं.

बेस फॉर्ममधे मी लॉगही घातला, फॉर्मचं नाव, का बंद होतोय, कुठली फील्ड बदललेली, युजरने काय निवडलं. चाचणीच्या मशीनवर दोन-तीन दिवसांचा लॉग बघितला तर एका फॉर्ममधे लोक "मी काहीच केलं नाही" म्हणत होते आणि लॉगमधे मात्र कॅटेगरीचा कॉम्बो दर वेळी बदललेला. कोडमधे काही सापडेना. मग कोणाच्या तरी मागे उभी राहून बघितलं तर कॉम्बोवर फोकस होता आणि माणूस फॉर्म खाली सरकवायला माउसचं चाक फिरवत होता. चाक फिरलं की फॉर्म नाही सरकत, कॉम्बोची निवड सरकते. म्हणजे इथे प्रश्न खरा होता, बदल झालाच होता, फक्त माणसाने तो मुद्दाम केला नव्हता. आणि याआधी अशा किती कॅटेगऱ्या चुकीच्या सेव्ह झाल्या असतील कोण जाणे. माउसव्हीलच्या इव्हेंटमधे, यादी उघडलेली नसेल तर हँडल्ड ट्रू करून चाक बंद केलं. न्यूमरिक अपडाउनलाही (आकडा वर-खाली करायच्या बॉक्सला) हाच रोग असतो, तोही बघून घ्या.

याच्या उलटा रोग म्हणजे बदल झालाय पण फॉर्मला पत्ता नाही. आमचे निम्मे फॉर्म बाइंडिंगसोर्स आणि डेटाटेबलवर (फील्ड आणि मेमरीतला डेटा आपोआप जोडणाऱ्या सोयीवर) चालतात, तिथे तुलना करायची गरज नाही, डेटासेटला हॅजचेंजेस विचारलं की झालं, असं वाटतं. पण बाइंडिंग डिफॉल्टने फील्डमधली व्हॅल्यू खालच्या डेटात तेव्हाच ढकलतं जेव्हा त्या फील्डचं व्हॅलिडेशन (भरलेलं बरोबर आहे का याची तपासणी) होतं, म्हणजे साधारण फोकस दुसरीकडे गेल्यावर. आणि टूलस्ट्रिपवरचं, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवरचं, सेव्ह बटण फोकस घेतच नाही! मग माणूस शेवटच्या फील्डमधे रक्कम टाइप करतो, वरचं सेव्ह दाबतो, बाकी सगळं सेव्ह होतं आणि ती रक्कम तेवढी राहते. बरं, व्हॅल्यू खाली पोचली तरी ती ओळ अजून "एडिट चालू आहे" या अवस्थेत असते, त्यामुळे हॅजचेंजेस खुशाल फॉल्स म्हणतं. उपाय दोन ओळींचा, हॅजचेंजेस विचारायच्या आधी आणि सेव्हच्याही आधी, दोन्हीकडे, आधी धिस.व्हॅलिडेट आणि मग बाइंडिंगसोर्सचा एंडएडिट. दोन ओळींचा आहे पण तो सापडायला मला जवळजवळ आठवडा लागला, कारण मी टेस्ट करताना सवयीने टॅब दाबून मग सेव्ह करायचे आणि सगळं नीट चालायचं.

मार्च लागला तेव्हा "बदललंय का" हा भाग उभा राहिला होता. आता "कोण बंद करतंय". फॉर्मक्लोजिंगच्या आर्ग्युमेंटमधे क्लोजरीझन येतो, युजरक्लोजिंग, विंडोजशटडाउन, एमडीआयफॉर्मक्लोजिंग, टास्कमॅनेजरक्लोजिंग, अ‍ॅप्लिकेशनएक्झिटकॉल वगैरे. युजरक्लोजिंगवर फार विसंबू नका, क्रॉस, अल्ट एफ४ आणि कोडमधून केलेला क्लोज हे तिन्ही त्याच नावाने येतात. "माझ्या बटणातून बंद झालं का क्रॉसने" हे हवं असेल तर स्वतःचा एक फ्लॅग ठेवावा लागतो.

मला महत्त्वाचा होता विंडोजशटडाउन. आमच्याकडे एक छोटी खिडकी ट्रेमधे (घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनांत) बसते, क्रॉस केलं की बंद न होता लपते. तिच्या हँडलरमधे सरळ लिहिलेलं, कॅन्सल ट्रू आणि हाइड. कारण विचारलेलंच नाही. त्यामुळे संध्याकाळी मशीन बंद करायला गेलं की विंडोज "हे अ‍ॅप तुम्हाला शटडाउन करू देत नाहीये" म्हणून अडून बसायचं आणि लोक "तरीही बंद करा" दाबून घरी जायचे. त्यात दुसऱ्या फॉर्ममधलं काम असेल तर तेही गेलं. शटडाउनच्या वेळी मेसेजबॉक्स दाखवणंही तितकंच निरर्थक. विस्टापासून विंडोज साधारण ५ सेकंद वाट बघतं आणि मग स्वतःचा पडदा पुढे आणतं, तुमचा प्रश्न मागे राहतो. म्हणून नियम केला, युजर बंद करत असेल तर विचारायचं, विंडोज बंद करत असेल तर विचारायचं नाही, चालू असलेलं काम ड्राफ्ट म्हणून लिहून ठेवायचं आणि निमूट बाहेर पडायचं. हे तपासायला दर वेळी मशीन बंद करू नका, साइन आउट केलं तरी तोच मेसेज येतो, आणि व्हर्च्युअल मशीन असेल तर अजून बरं.

एमडीआयची गंमत वेगळी. मुख्य खिडकी बंद केली की आधी आतल्या प्रत्येक फॉर्मचा फॉर्मक्लोजिंग येतो, शेवटी मुख्य खिडकीचा. आठ फॉर्म उघडे असले तर आठ प्रश्न, आणि सहाव्याला कॅन्सल म्हटलं तर आधीच्या पाचांचं काय केलं ते आठवत बसा. आम्ही आतल्या फॉर्मना सांगितलं, कारण एमडीआयफॉर्मक्लोजिंग असेल तर गप्प राहायचं, आणि मुख्य खिडकीत एकच यादी दाखवली, या या फॉर्ममधे काम बाकी आहे, सगळं सेव्ह करा, सगळं सोडा, का थांबा. इथे एक काटा आहे. आतल्या फॉर्मने कॅन्सल ट्रू केलं तरी मुख्य खिडकीचा इव्हेंट येतोच, फक्त कॅन्सल आधीपासून ट्रू असतो. मुख्य खिडकीच्या हँडलरच्या पहिल्या ओळीत कोणी सवयीने कॅन्सल फॉल्स लिहिलं तर आतल्या फॉर्मची नाराजी पुसली जाते.

आणि असं सवयीने लिहिलेलं आमच्याकडे होतंच, त्यालाही कारण होतं. फील्डचं व्हॅलिडेशन फेल असलं की फॉर्म बंदच होत नाही, कारण फॉर्मक्लोजिंग येतो तेव्हाच कॅन्सल ट्रू होऊन आलेला असतो. म्हणजे माणसाने चुकून नवीन एंट्री उघडली, तारीख अर्धवट आहे, त्याला नुसतं बाहेर पडायचंय, तर फॉर्म म्हणतो आधी तारीख नीट भरा. कोंडून घालण्यातला प्रकार. तिथे कॅन्सल फॉल्स करणं बरोबर आहे, पण ते आतल्या एकेकट्या फॉर्ममधे, मुख्य खिडकीत नाही. रद्द बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशनही फॉल्स करा.

मधल्या काळात प्रश्नाच्या शब्दांवरून जे झालं ते वेगळंच. जुना प्रश्न होता "बदल सेव्ह न करता बाहेर पडायचं का?" आणि बटणं हो, नाही, रद्द. म्हणजे इथे "हो" म्हणजे काम घालवा, दुसऱ्या फॉर्मवर "हो" म्हणजे काम सेव्ह करा. माझं म्हणणं, बटणावर क्रियाच लिहा : "सेव्ह करा", "सेव्ह करू नका", "थांबा". मेसेजबॉक्सच्या बटणांचे शब्द बदलता येत नाहीत, हवे ते शब्द देता येणारा टास्कडायलॉग विनफॉर्म्समधे डॉटनेट ५ पासून आला, आम्ही ४.८ वर, म्हणून स्वतःची छोटी खिडकी केली, अर्ध्या दिवसाचं काम. पण स्क्रीनवरचे शब्द बदलायचे म्हणजे आमच्याकडे चेंज रिक्वेस्ट, त्याला बिझनेसची सही, मग ट्रेनिंगवाल्यांची सही कारण त्यांच्या मॅन्युअलमधे जुना स्क्रीनशॉट आहे. तीन बटणांच्या शब्दांसाठी पंधरवडाभर मेल फिरत होता. तुमच्याकडेही असं काही असेल तर शब्द पहिल्याच आठवड्यात मंजुरीला टाका, कोड नंतर लिहा. एस्केप म्हणजे "थांबा", एंटर म्हणजे "सेव्ह करा". आणि सेव्ह करू नका साठी कुठलंही अक्षर मी मुद्दाम दिलं नाही, ताईंचं एन वरचं बोट आठवत होतं. रिव्ह्यूमधे यावर एकाने कीबोर्डवाल्यांची गैरसोय म्हणून आक्षेप घेतला, बरोबरच होता त्याचा मुद्दा, तरी मी सोडलं नाही, टॅबने जाता येतं.

"सेव्ह करा" दाबलं आणि सेव्हच झालं नाही तर? हा प्रश्न जुन्या कोडमधे कोणी विचारलेलाच नव्हता. सेव्ह मेथड काही परत देत नव्हती, आतल्या आत एरर दाखवायची आणि फॉर्म पुढे बंद व्हायचा. युजरला एरर दिसते, ओके करतो, मागे फॉर्म नाही. सगळ्या सेव्ह मेथड बूल (ट्रू किंवा फॉल्स) परत देतील असं केलं, फॉल्स आलं तर कॅन्सल ट्रू. कंटाळवाणं काम, पण याच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

त्यातही दोन फॉर्म नव्या सर्व्हिसवर अवेट करून, म्हणजे उत्तराची वाट बघताना खिडकी न अडवता, सेव्ह करतात. फॉर्मक्लोजिंगमधे अवेट लिहिलं की पहिल्या अवेटपाशी हँडलर परत फिरतो, फ्रेमवर्क बघतं, कॅन्सल फॉल्स आहे, बरं, करा बंद. सेव्ह अजून वाटेत आणि फॉर्म मेलेला, आणि मुख्य खिडकी असेल तर प्रोसेसच संपायला निघते. अवेटनंतर कॅन्सल ट्रू करून काही उपयोग नाही, बघणारा निघून गेला. त्यामुळे अवेटच्या आधीच कॅन्सल ट्रू, फॉर्म डिसेबल म्हणजे मधे कोणी टाइप करणार नाही, मग अवेट, सेव्ह झालं तर "आता खरंच बंद हो" असा फ्लॅग लावून पुन्हा क्लोज, आणि तो क्लोज बिगिनइन्व्होकमधून (चालू काम संपल्यावर चालेल असा रांगेत टाकून), कारण सेव्ह क्षणात परतलं तर आपण अजून त्याच इव्हेंटच्या पोटात असतो.

एवढं करून जिथे इव्हेंटच येत नाही ते उरतं. लाइट गेली, अ‍ॅप क्रॅश झालं, कोणी टास्ककिल या कमांडला /एफ (जबरदस्तीने) लावून मारलं, तर फॉर्मक्लोजिंग तुमच्याकडे फिरकत नाही. म्हणून ड्राफ्ट. ३० सेकंदांनी टायमर, बदल असेल तरच लिहायचं, युजरच्या लोकल अ‍ॅपडेटा फोल्डरमधे. थेट त्याच फाइलवर लिहू नका, लिहिता लिहिता लाइट गेली तर जुनाही ड्राफ्ट जातो आणि नवाही, आधी तात्पुरत्या फाइलमधे लिहा आणि मग फाइल.रिप्लेसने अदलाबदल करा (पहिल्यांदा जुनी फाइल नसते तेव्हा रिप्लेस एरर देतं, तिथे मूव्ह). सिक्युरिटीवाल्यांनी डिस्कवर उघडी माहिती नको म्हणून अडवलं, त्यांचा फॉर्म भरा, मीटिंग, शेवटी प्रोटेक्टेडडेटा (डॉटनेटमधला एन्क्रिप्शनचा क्लास) वापरून त्या त्या युजरच्या नावाने एन्क्रिप्ट करतो म्हटल्यावर सही मिळाली. "सेव्ह करू नका" म्हटल्यावर ड्राफ्ट लगेच पुसायचा की दोन दिवस ठेवायचा यावर लीड आणि मी शेवटपर्यंत वेगळ्या मताचे. ते म्हणतात युजरने नको म्हटलं म्हणजे नको. पुसतो आम्ही. मला अजून ठेवावा असंच वाटतं.

टेस्टिंगसाठी एक कागद केला, आडवे बंद करायचे मार्ग आणि उभे फॉर्मच्या अवस्था : काही न बदललेला, बदललेला, बदलून पूर्ववत केलेला, व्हॅलिडेशन अडकलेला, नेटवर्क काढून सेव्ह केलेला, कर्सर शेवटच्या फील्डमधेच असलेला. बोअर होतं, पण युएटीवाल्यांनी (वापरणाऱ्यांच्या बाजूने शेवटची चाचणी करणाऱ्यांनी) "काय तपासायचं" विचारल्यावर तोच कागद पुढे केला आणि त्यावरच सही आली, वेगळं डॉक्युमेंट लिहावं लागलं नाही. रिलीझ एकदम न करता आधी एका टीमला दिलं, आठवडाभर लॉग बघितला, मग सगळ्यांना. ताईंचा पहिल्या दिवशीचा फोन, "ती खिडकी येईनाशी झाली हो, बिघडलं का काही?"

सध्या ग्रिडवाले (तक्त्यासारखे) काही फॉर्म बाकी आहेत. डेटाग्रिडव्ह्यूमधे चेकबॉक्सवर टिक केली तरी सेल सोडेपर्यंत ती व्हॅल्यू खाली जात नाही, म्हणून करंटसेलडर्टीस्टेटचेंज्डमधे कमिटएडिट करायला लागतं, आणि बंद करताना ग्रिडचा एंडएडिट आधी, बाइंडिंगसोर्सचा नंतर, हा क्रम उलटा झाला की शेवटची टिक हरवते. एका फॉर्मला लावलंय, बाकीचे पुढच्या स्प्रिंटमधे, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात.